दत्तप्रसाद किणीकरांची जूनपर्यंतची बदनामी

दत्तप्रसाद किणीकरांची बदनामी मी केली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी शहाणपणाचा आव आणीन आणि तुम्ही फसाल. पण माणूस कसा होता ते आधी ऐका.

अजमानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये किणीकर चौथ्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. मूळचे मिरजेचे, वय चोपन्न, अंगाने किडकिडीत, मिशी मात्र दुप्पट वजनाच्या माणसाला शोभेल अशी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते इन्स्पेक्टर होते. काम काय, तर टॉवरला खिडकी बसली की बाहेरून तिच्यावर नळीने पाणी मारायचं आणि आतून कडेने बोट फिरवून ओल येते का ते बघायचं. वर्षातून चार दिवस पाऊस पडणाऱ्या देशात हा माणूस पंधरा वर्षं कोरड्या खिडक्यांवर पाणी मारत होता. हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरायचा. आमची मुलं म्हणजे मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. काकांनी बाराखडीच्या वाटेला न जाता त्यांना आधी भांडायला शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की प्रेम कुठल्याही भाषेत उरकता येतं, भांडण मात्र आपल्याच भाषेत जमतं. माझी सृष्टी तेव्हा आठ वर्षांची. महिन्याभरात ती ‘व्हॉट्स फॉर डिनर’वरून ‘मला गृहीत धरू नकोस’वर आली. मी वैतागले आणि मनातून खूश झाले. सोळा मुलं यायची. हेमाकाकू, म्हणजे किणीकरांच्या मिसेस, प्रत्येकाला जाताना एक बेसनाचा लाडू द्यायच्या. फी विचारली तर काका म्हणायचे, ‘तुमची पोरं सकाळभर इथे ठेवून तुम्ही झोपा काढा, तीच फी.’

मग दोन हजार आठ संपता संपता सगळं कोसळलं. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. ओळखीची कुटुंबं ‘सुट्टीवर चाललोय’ म्हणून गेली ती गेलीच. खिडक्या बसवायला टॉवर नाहीत, मग पाणी कुठे मारणार? काकांच्या कंपनीने माणसं कमी करायला घेतली. ती यादी करण्याचं काम होतं निनादकडे. निनाद त्याच कंपनीत एचआरमध्ये आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. काका रोज त्याच्याच गाडीतून दीड तास जायचे, दीड तास यायचे. यादी करणारा आणि यादीत येऊ शकणारा, दोघे शेजारी बसून एफएमवर जुनी गाणी ऐकायचे.

आता माझा पराक्रम. जानेवारी दोन हजार नऊमध्ये मी आठ दिवस पुण्याला गेले होते. आखातातून कुणी गावी जातंय म्हटलं की बिल्डिंगमध्ये त्याची बातमी होते. येताना कुणाचं लोणचं, कुणाचा चष्मा, कुणाची बीपीची औषधं तुमच्या बॅगेत येतात, आणि नाही म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या वेळी तुमचं लोणचं त्यांच्याच बॅगेतून यायचं असतं. नियम एकच. पुडकं सीलबंद द्यायचं नाही, आणणाऱ्याने उघडून बघायचं. आखातात खसखस अफूत धरतात, आणि अनारशावरच्या खसखशीपायी लोक एअरपोर्टवर अडकल्याचे किस्से सगळ्यांना पाठ होते. त्यामुळे दुसऱ्याचं पुडकं उघडणं हा आमच्याकडे चोंबडेपणा नव्हता, ती खबरदारी होती.

किणीकरांच्या पुतण्याने मिरजेहून येऊन पुडकं दिलं. आत मेतकूट, दोन बनियन आणि गोळ्यांचे सहा खोके. सोबत काकांच्या नावाची डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीतलं अक्षर डॉक्टरचं, म्हणजे वाचता न येणारं. गोळीचं नाव सायप्रोटेरॉन. आता खबरदारी इथे संपायला हवी होती. मी खोक्यातला कागद काढला, त्याची वरची घडी उघडली. औषध कशासाठी, तर पुरुषांसाठी पहिलीच ओळ: लैंगिक विकृतीमध्ये कामेच्छा कमी करण्यासाठी.

मी तो कागद तसाच घडी घालून पर्समध्ये टाकला. खोके काकांना नेऊन दिले. त्यांनी ‘जपून आणलंस गं’ म्हणून सृष्टीसाठी लाडू दिला आणि मी तो दोन बोटांत धरून खाली आणला.

मी फक्त विभावरीला सांगितलं. आमच्या वर्गाचं निरोप-फोन सगळं तीच बघायची, तिची मुलगीही वर्गात होती. ‘कुणाला सांगू नकोस’ असंही म्हटलं, म्हणजे ते किती मोलाचं आहे हे तिला कळावं. दोन दिवसांत तळमजल्यावरचा सुजीत मला लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, ‘तुला एक सांगू? कुणाला सांगू नकोस.’ आणि माझीच गोष्ट त्याने मला मीठमसाला लावून ऐकवली.

मग वर्ग गळायला लागला. एकाला स्विमिंग लागलं. दुसरीला कांजिण्या आल्या, त्या महिनाभर गेल्याच नाहीत. सुजीतच्या मुलाला अबॅकसला घातलं. ‘महिन्याला दोनशे दिरहम, म्हणजे सव्वीसशे रुपये, पण मॅथ्स पक्कं होतं,’ असं तो कुणी न विचारता सांगत फिरायचा. आम्हाला पुरावेही मिळायला लागले. जानेवारीच्या गार हवेत काकांना मध्येच दरदरून घाम फुटायचा, चेहरा लाल व्हायचा, ते मुलांची वही घेऊन वारा घ्यायचे. ‘बघितलंस? मन खातं माणसाला,’ विभावरी म्हणाली. मी मान हलवली.

शेवटी तिच्याच हॉलमध्ये पालकांची मीटिंग झाली. निनादने इंटरनेटवरून बरंच वाचून आणलं होतं. तो उभा राहून प्रेझेंटेशन देतो तसा बोलायला लागला. ‘बेसिकली हा हार्मोनचा खेळ आहे. टेस्टोस्टेरॉन खाली आणलं की इच्छाच राहत नाही. अमेरिकेत काही स्टेट्समध्ये लॉ आहे, मुलांच्या केसमधला ऑफेंडर सुटण्याआधी त्याला इंजेक्शन सुरू करतात. युरोपात या गोळ्या. काही जण स्वतःहून घेतात, व्हॉलंटरी. फायदा होतो म्हणतात. पण काही डॉक्टर म्हणतात, शरीर शांत झालं तरी डोकं तेच राहतं, आणि गोळी बंद केली की पुन्हा रिस्क.’ सगळ्या बायका पदर, ओढण्या सावरून ऐकत होत्या. टेस्टोस्टेरॉन हा शब्द त्या हॉलमध्ये त्या दिवशी कोथिंबिरीइतक्या सहज वापरला गेला.

मागे उझमा बसली होती. ती रत्नागिरीकडची, सरकारी दवाखान्यात नर्स. तिची अजरा वर्गात होती. ती म्हणाली, ‘भाईजान, एक कळलं नाही मला. गोळी घेतो त्याला तुम्ही घाबरताय. तुमच्याच हिशेबाने त्याला तर काही सुचायचंच नाही. न घेणारे किती जण बसलेत इथे, ते मोजा की.’

सात बापांचे हात एकदम पाण्याच्या ग्लासकडे गेले. विभावरीने घाईने वेफर्स फिरवले.

पोलिसांत जायचं का, असंही कुणीतरी पुटपुटलं. पण मग पहिला प्रश्न येणार, गोळ्या देशात आणल्या कुणी? मी खाली बघायला लागले, आणि माझ्याबरोबर आणखी चौघी खाली बघायला लागल्या. प्रत्येकीने कुणाचं ना कुणाचं काहीतरी आणलेलं होतंच. त्यामुळे ठरलं की त्यांनाच बोलवून विचारावं.

काका आले ते खांद्यावर पंचा टाकून. निनादने दोनदा घसा साफ केला. ‘काका, त्या मेडिसिन्स आपण... म्हणजे, नक्की कशासाठी?’

काकांनी सगळ्यांकडे बघून घेतलं. निनादकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘कागद वाचलात ना? त्यावर जे पहिलं लिहिलंय, त्यासाठी.’

त्यांनी पंच्याने कपाळ पुसलं, ‘एसी लावत जा गं विभावरी, माणसं जमवलीस की,’ म्हणाले आणि निघून गेले. वर्ग ‘रिनोव्हेशनसाठी’ बंद झाल्याचा निरोप त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेला. किणीकरांच्या हॉलमध्ये रिनोव्हेट करण्यासारखी एक सतरंजी होती.

मला तर विजय झाल्यासारखं वाटत होतं. जिन्यात उझमाला गाठून मी पर्समधला कागद दाखवला, बघ, पुरावा आहे. तिने तो घेतला, पूर्ण उलगडला, आणि वरच्या घडीखाली झाकलेल्या दुसऱ्या ओळीवर नख ठेवलं. प्रोस्टेटचा कर्करोग.

‘स्मिताताई, ही ओळ कुणी वाचायची? मीटिंगमध्ये तर गोळीचं नावही कुणी घेतलं नाही. माझ्या वॉर्डात तीन बुजुर्ग आहेत या गोळीवर. तिघांनाही असाच घाम येतो.’

निनादने एवढं वाचून आणलं ते? त्याने गोळीच्या नावापुढे ‘ऑफेंडर’ टाकून शोधलं होतं. मागितलं तेच इंटरनेटने त्याच्या पानात वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चौथ्या मजल्यावर गेले. हेमाकाकूंनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. मी रडत रडत सगळं कबूल केलं. म्हटलं, ‘काका, आत्ता घरोघर जाते आणि सगळ्यांना खरं सांगते.’

‘खबरदार,’ काका म्हणाले. ‘बस आधी. नाक पूस.’

मग त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरात मिरजेला गेले तेव्हा निदान झालं होतं. इथल्या इन्शुरन्सला काही कळू दिलं नव्हतं, म्हणून गोळ्या तिकडून येत होत्या. निनादची यादी त्यांनी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली असताना, त्याने मांडीवर उघडलेल्या लॅपटॉपवर बघितली होती. त्यात प्रत्येक माणसापुढे कॉलम होते, पगार किती, रजा किती, मेडिकल किती. नोकरी गेली की महिन्याभरात व्हिसा गेला. त्यांची मुलगी आभा पुण्यात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, जूनमध्ये सुटणार होती, तोवर पगार हवाच होता.

‘आजाराला त्या शीटमध्ये कॉलम आहे,’ काका म्हणाले. ‘बदनामीला नाही. निनाद काय लिहिणार? तो जॉर्डनचा मुदीर, त्याचा साहेब, विचारेल, हबीबी, पोलिस केस आहे? नाही. कोर्ट? नाही. मग? शेजाऱ्याच्या बॅगेत कागद होता. खलास. तेव्हा जूनपर्यंत मी नालायकच बरा.’

‘पण काका, लोक काय काय बोलतात...’

‘मला ऐकू येतं गं. गोळी कानावर परिणाम करत नाही.’ मग त्यांना पुन्हा घामाची लाट आली. वर्तमानपत्राने वारा घेत ते म्हणाले, ‘हेमाला पाळी जाताना असंच व्हायचं. मी म्हणायचो, काय नाटकं करतेस. आता ती मला म्हणते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आमचं एकमत झालंय.’

आतून हेमाकाकूंनी जोरात भांडं आपटलं. त्यांना हे काही मान्य नव्हतं. पण आभासाठी त्याही गप्प होत्या.

जाताना काकांनी मला अट घातली. नुसतं गप्प राहून चालणार नाही. पहिली ओळ लोकांच्या मनातून पुसली गेली, तर कुणीतरी कागद पुरता उलगडणार, आणि पुरुषांसाठी त्यावर दोनच ओळी आहेत. ‘तू सुरू केलंस, आता जूनपर्यंत तूच ते जिवंत ठेव. तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही,’ ते म्हणाले. ते कौतुक मी अजून पचवते आहे.

त्यानंतरचे पाच महिने मी एका सज्जन माणसाची बदनामी त्याच्याच सांगण्यावरून करत होते. निनादने त्यांना गाडीतून न्यायचं बंद केलं, म्हणून ते पहाटे पाचला कंपनीच्या लेबर बसने जायला लागले. मार्चमध्ये विभावरीचं मन विरघळायला लागलं. ‘आपण जरा जास्तच केलं का गं? इतकी वर्षं ओळखतो आपण त्यांना,’ असं ती म्हणाली. खरं माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, ‘उगाच कुणी असल्या गोळ्या खातं का?’ तिचा चेहरा पुन्हा कडक झाला. घरी येऊन मी भाजी करपवली आणि नवऱ्याशी कारण नसताना भांडले.

काका मात्र माझ्या कामावर बारीक लक्ष ठेवून होते. एकदा जिन्यात भेटले तर दबक्या आवाजात म्हणाले, ‘काल सुजीतने मला गुड मॉर्निंग केलं. लक्ष कुठे आहे तुझं?’

‘काका, मला हे होत नाही हो.’

‘एप्रिल झाला की दोनच महिने. इन्शाल्ला. यल्ला, कामाला लाग.’

मला हसू आलं आणि स्वतःची चीडही आली. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बंद झालेल्या त्या वर्गात आता एकच मुलगी होती, अजरा. उझमाला मी काकांची अट सांगून ठेवली होती; ती दर शुक्रवारी ड्यूटीला जाताना अजराला वर सोडायची आणि आपली निघून जायची. सृष्टी रोज विचारायची, ‘अजरा कॅन गो, व्हाय कान्ट आय?’ मी तिला दर वेळी नवीन कारण द्यायचे. बाकीच्या आया देत होत्या तीच. माझं सोंग पुरं हवं ना. पोरीने एकदा चिडून म्हटलं की काका बॅड आहेत असं सगळे म्हणतात, ते खरं का? मी म्हटलं, ‘जेव आधी.’

जून आला. आभा पास झाली, तिला नोकरी लागली. महिनाअखेर काकांनी स्वतः राजीनामा दिला आणि कारण लिहायच्या जागी ठळक अक्षरात आजाराचं नाव लिहिलं. निनाद त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेला. ‘मला सांगायचं ना काका,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘सांगितलं असतं तर मी टाकलंच असतं तुम्हाला लिस्टमध्ये. ते खरंय.’ काकांनी त्याला चहा दिला. निनादच्या या खरेपणासाठी मी त्याला बाकीचं सगळं माफ केलंय.

मला परवानगी मिळाली होती. मी कागदाच्या प्रती काढल्या, दोन्ही ओळी उघड्या ठेवून, आणि घरोघर फिरले. वाटलं होतं, लोक कपाळावर हात मारतील, रांग लावून माफी मागायला जातील.

विभावरी म्हणाली, ‘कॅन्सर? अरेरे. बिचारे.’ मग म्हणाली, ‘तरी पण मुली पाठवायला नको बाई. एकदा नाव निघालं ना.’

‘अगं, नाव मीच काढलं होतं.’

‘तू भोळी आहेस, स्मिता. त्यांनी तुला पटवलं असणार.’

सुजीतने तर कागद नीट वाचला, आणि डोकं चालवलं. ‘कॅन्सर असेल. पण म्हणून पहिलं नसेल, असं कुठे लिहिलंय? दोन्ही असू शकतं.’ एकीने मला विचारलं, ते तर स्वतःच्या तोंडाने कबूल झाले होते, मग? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला तिला वेळ नव्हता. खोटं बोलताना मला कुणी पुरावा मागितला नव्हता. सगळी घरं फिरून मी संतापून घरी आले आणि ठरवलं, बाकीचे गेले खड्ड्यात, निदान माझी मुलगी तरी शेवटच्या शुक्रवारी वर्गाला जाईल.

त्यांचं विमान रविवारी होतं. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवलेली, सतरंजीवर अजरा एकटीच वही उघडून बसली होती. उझमा मला दारातच भेटली, घड्याळ बघत लिफ्टमध्ये शिरली. हेमाकाकू सामान आणायला बाजारात गेल्या होत्या. सृष्टी चपला भिरकावून धावली आणि काकांना म्हणाली, ‘इतके दिवस मला का नाही बोलावलंत? मी रागावले आहे.’ मराठीत. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी म्हणायला हवं होतं, तासाभराने येते न्यायला. घरी कपडे मशिनमध्ये होते. मी दारात उभी राहिले. काका अजराच्या शेजारी बसले होते, सृष्टी त्यांच्या दुसऱ्या बाजूला. मला सगळं माहीत होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ, पाच महिने, लेबर बस, सगळं. आणि तरी माझा पाय निघेना.

‘मी थांबते थोडा वेळ,’ मी म्हणाले. ‘घरी तसं काही काम नाही.’

काकांनी वर बघितलं. त्यांना कळलं. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मेले असते तर बरं झालं असतं, असं मी अजूनही म्हणते. ते उठले, खोक्यांमागची एकुलती एक खुर्ची काढली, पंच्याने पुसली आणि मुलींच्या मागे, सगळं नीट दिसेल अशी ठेवली.

‘बस गं,’ म्हणाले. ‘तुझंही शुद्धलेखन कच्चंच आहे.’

मी बसले.